अँटेलोप कॅन्यन + हॉर्सशू बेंड (पेज, ॲरिझोना): गाइडेड टूरने एका दिवसात – नेमकी माहिती

कातळकोर

या दोन जागांबद्दलचे प्रश्न सहलींच्या निरनिराळ्या धाग्यांवर विखुरले आहेत. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. ज्यांना पक्की माहिती आहे त्यांनी भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

आधी भूगोल. पेज हे ॲरिझोनाच्या उत्तर टोकाचं, यूटाच्या सीमेला लागून असलेलं छोटं गाव. ग्लेन कॅन्यन धरण बांधणाऱ्या कामगारांची वसाहत म्हणून ते १९५७ मध्ये वसलं. गावाच्या पूर्वेला काही मिनिटांवर अँटेलोप कॅन्यन आहे, म्हणजे पाण्याने वालुकाश्मात कापलेली अरुंद घळ. ही नवाहो नेशनची (नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाची) जमीन, त्यामुळे नियम त्यांचे आणि गाइडही त्यांनी परवाना दिलेलेच. गावाच्या नैर्ऋत्येला साधारण ४ मैलांवर, हायवे ८९ लगत हॉर्सशू बेंड आहे. तिथे कोलोरॅडो नदी एका प्रचंड कातळाला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालते आणि आपण कड्यावरून ते वळण बघतो. दोन्ही जागा एकमेकींपासून गाडीने १५-२० मिनिटांवर आहेत, म्हणून बहुतेक टूर्समध्ये त्या जोडीनेच येतात.

अँटेलोपमध्ये गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. हॉर्सशू बेंडला गाइड लागत नाही, फक्त पार्किंगचे पैसे भरायचे (खाजगी कारला १० डॉलर). पार्किंग पेज शहराच्या ताब्यात आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही. पास दाखवून वाद घालणारे रोज दिसतात, त्यात वेळ दवडू नका.

दिवस आखताना सगळ्यात महत्त्वाचं काय? कॅन्यनच्या तिकिटावरची वेळ. ती खुंटी आणि बाकीचा दिवस तिला टांगलेला. त्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधी हजेरी लावायची असते. उशीर झाला की गट निघून जातो, आणि मोसमात पुढच्या गटात जागा मिळेल याची काही शाश्वती नाही. म्हणून आधी ही वेळ ठरवा, मग मुक्काम, मग हॉर्सशू बेंड. पुष्कळ जण बरोब्बर उलटं करतात आणि मग दुपारी ३:४५ चा स्लॉट पदरात पडतो.

कुठून किती अंतर:

लास वेगास – साधारण २७५ मैल, एका बाजूने साडेचार तास. बस टूर पहाटे ५-६ ला उचलते (काही त्याहूनही लवकर) आणि रात्री ८-९ ला परत सोडते.
फीनिक्स – जवळपास तेवढंच.
फ्लॅगस्टाफ – सुमारे १३५ मैल, सव्वादोन तास.
ग्रँड कॅन्यन साउथ रिम – डेझर्ट व्ह्यू आणि कॅमेरॉनमार्गे अडीच तास.

माझं मत: वेगासहून त्याच दिवशी जाऊन येणं जमतं, पण १४ तासांपैकी ९ बसमध्ये जातात. फ्लॅगस्टाफहून निघालात तर त्याच पैशांत दिवस खरोखर हाती लागतो. पेजलाच रात्र काढता आली तर सगळ्यात उत्तम.

निळाडोह

चांगला धागा. सगळ्यांना पडणारा पहिला प्रश्न विचारून टाकते. अँटेलोपच्या दोन भागांपैकी कोणता, अप्पर की लोअर? आणि ज्येष्ठांसाठी कोणतं? जुन्या लेखांत सरसकट लिहिलेलं असतं की अप्पर सपाट आहे आणि लोअर अवघड.

वाळवंटवारा

@निळाडोह, जुन्या लेखांतलं ते वाक्य आता अर्धंच खरं आहे.

अप्परचा आतला रस्ता सपाटच आहे. वाळूच्या तळावरून चालायचं, जिने नाहीत. पण पूर्वी ज्या वाटेने आत जायचो त्याच वाटेने परत यायचो. आता वाट एकेरी केली आहे. कॅन्यनच्या मागच्या तोंडाने बाहेर पडायचं आणि वरून, लोखंडी पायऱ्या व उतार असलेल्या वाटेने पुढच्या तोंडाशी यायचं. या परतीच्या टप्प्यावर सावली जवळजवळ नाही. गुडघेदुखी असलेल्यांना आतलं चालणं काहीच वाटत नाही, दमछाक होते ती इथे. तिकीट काढण्याआधी टूरवाल्यांना हाच प्रश्न थेट विचारा: परतीला पायऱ्या किती आणि चढ किती.

आणखी एक गोष्ट, अप्परला पायी जाता येत नाही. हायवेपासून वाळूच्या कोरड्या पात्रातून टूरच्याच गाडीने न्यावं लागतं. गाडी चांगलीच हिंदकळते. पाठीचा त्रास असेल तर पुढची किंवा मधली जागा मागून घ्या, मागच्या चाकावरची नको.

लोअरला गाडी नाही. हजेरीच्या जागेपासून काही मिनिटं चालत गेलं की जमीन फाटल्यासारखी दिसते आणि तिथून लोखंडी जिने थेट खाली उतरतात. जिना कसला, शिडीच म्हणा. उंच पायऱ्या, अरुंद पाऊलजागा, दोन्ही बाजूंना कठडा. सगळ्यात तीव्र टप्प्यावर तोंड जिन्याकडे करून, म्हणजे उलटं उतरायचं. तसं केलं की टाच अडकत नाही आणि दोन्ही हात कठड्यावर राहतात. लोकांच्या बुटांबरोबर आलेली वाळू पायऱ्यांवर पसरलेली असते, पाय घसरतो तो तिच्यामुळे. पूर्ण पाऊल टेकवा, मगच भार द्या. आतमध्येही छोटे जिने चढावे लागतात आणि शेवटी जमिनीतल्या एका चिरेतून आपण वर येतो. बाहेर आल्यावर मागे वळून पाहिलं तर ती चीर इतकी अरुंद दिसते की खाली एवढी मोठी जागा असेल असं वाटतच नाही.

आकारातला फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. अप्पर वर चिंचोळी आणि खाली रुंद, लोअर खाली चिंचोळी आणि वर रुंद. त्यामुळे लोअरमध्ये उजेड जास्त, पण पाय ठेवायला जागा कमी. काही ठिकाणी खांदा आडवा करूनच जावं लागतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांना लोकं अप्पर सुचवतात. मला ते पूर्ण पटत नाही. अप्पर अंधारी आहे आणि तिथे गर्दी जास्त असते, तर लोअरमध्ये डोक्यावर आभाळाची पट्टी बहुतेक वेळ दिसत राहते.

थोडक्यात, गुडघे धड असतील तर लोअर. जिना अजिबात जमत नसेल तर अप्पर, तेही वरची चौकशी करूनच.

तिठा

कातळकोर यांनी स्लॉटचं महत्त्व सांगितलंच आहे. त्यात घड्याळाचा गोंधळ जोडतो, कारण इथे सगळ्यात जास्त लोकांचं तिकीट वाया जातं ते याच कारणाने.

ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. यूटा करतं, नेवाडा करतं. नवाहो नेशन ॲरिझोनात असूनही करतं. पण पेज गाव आणि अँटेलोपच्या टूर्स ॲरिझोनाच्या, म्हणजे फीनिक्सच्या वेळेने चालतात. कॅन्यन नवाहो जमिनीवर आहे म्हणून तिथे नवाहो वेळ असेल हा तर्क बरोबर वाटतो, पण तो चुकीचा आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत: वेगास आणि पेज यांची वेळ एकच. यूटा आणि उरलेलं नवाहो नेशन १ तास पुढे.
बाकीचे महिने: पेज, यूटा आणि नवाहो नेशन यांची वेळ एकच. वेगास १ तास मागे.

म्हणजे जानेवारीत वेगासहून स्वतः गाडी हाकत येणाऱ्याला वाटेत १ तास गमवावा लागतो. उन्हाळ्यात काहीच गमवावं लागत नाही, पण फोन घोळ घालतो. वेगासहून येणारा रस्ता नेवाडा, ॲरिझोनाचा कोपरा, यूटा, पुन्हा ॲरिझोना, पुन्हा यूटा आणि शेवटी ॲरिझोना असा जातो. पेजमध्ये पोचल्यावरसुद्धा फोनने यूटाच्या बाजूचा किंवा नवाहो भागातला टॉवर पकडला तर तो १ तास पुढची वेळ दाखवतो.

उपाय: निघायच्या आदल्या रात्री फोनमधली आपोआप टाइमझोन ठरवण्याची सोय बंद करा आणि फीनिक्स निवडा. गजरही त्यानंतरच लावा. कॅलेंडरमध्ये स्लॉटची नोंद वेगळ्या टाइमझोनमध्ये केली असेल तर ती सरकते, म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि त्यावरचाच आकडा खरा माना.

कातळकोर

@तिठा, अगदी मोलाची माहिती. मूळ पोस्टमध्ये हे यायलाच हवं होतं.

सांजसावली

उजेडाबद्दल मी लिहिते.

वरून पडणारे प्रकाशाचे सरळ झोत, जे सगळीकडच्या फोटोंत दिसतात, ते मुख्यतः अप्परमधले. साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुपारी ११ ते दीडच्या दरम्यान ते दिसतात. कारण सरळ आहे. वरची फट इतकी अरुंद की सूर्य बराच वर आला तरच किरण तळापर्यंत पोचतो. हिवाळ्यात सूर्य तेवढा वर येतच नाही. आभाळ भरलेलं असेल तर जूनमध्येही झोत नाही. आणि हवेत धूळ असेल तरच तो डोळ्यांना दिसतो.

या वेळेचे स्लॉट सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचे. झोत हवाच असेल तर घ्या. नुसते रंग हवे असतील तर सकाळी ९-१० चा स्लॉट मला जास्त आवडतो. रंग येतात ते थेट उन्हातून येत नाहीत. ऊन वरच्या भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून आणखी खाली. प्रत्येक टप्प्यावर ते जास्त तांबडं होत जातं, कारण या वालुकाश्मातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल-नारिंगी तेवढं परत फिरतं. अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे फक्त आभाळाचा उजेड पोचतो, तिथे तोच दगड जांभळा दिसतो. भिंतीवर बोटभर अंतराने गेलेल्या तिरक्या रेषा दिसतील. ते ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचे थर. वाऱ्याने साचवले, दगड झाले आणि मग पाण्याने कापले.

फोनवाल्यांसाठी:
- फ्लॅश बंद. फ्लॅशने भिंत सपाट तपकिरी येते.
- सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा. वरची फट पांढरी फटक आली की फोटो गेला.
- ऑटो व्हाइट बॅलन्स नारिंगी रंग मारून टाकतो. 'ढगाळ' निवडा.
- आभाळ चौकटीतून वगळा. नुसत्या भिंतींचे फोटो जवळजवळ नेहमीच सरस येतात.

कॅमेरावाल्यांसाठी: ट्रायपॉड, मोनोपॉड, सेल्फी स्टिक यांना बंदी आहे, त्यामुळे सगळं हातातच. १६-३५ सारखी रुंद लेन्स घरूनच लावून या आणि आत अजिबात बदलू नका. वरून बारीक वाळू सतत झरत असते, ती सेन्सरवर गेली की सहल संपेपर्यंत प्रत्येक फोटोत डाग. आयएसओ ८०० ते १६०० ठेवायला कचरू नका.

रानवाट

बॅगही नेता येत नाही हे खरं का?

वाळवंटवारा

हो. पाठीवरची सॅक, पर्स, कमरेचा पाऊच, कॅमेऱ्याची बॅग, काहीच नाही. पाण्याची बाटली, फोन किंवा कॅमेरा आणि खिशात मावेल ते. म्हणून चेन असलेल्या खिशांची पँट घाला. बॅग गाडीत किंवा बसमध्ये ठेवावी लागते. बसमध्ये ठेवायची तर पासपोर्ट आणि औषधं खिशात घेऊन उतरा. ड्रोन कॅन्यनला नाही आणि हॉर्सशू बेंडलाही नाही.

भिंतींवर नाव कोरणं, वाळू-दगड उचलून आणणं, नवाहो माणसांचे न विचारता फोटो काढणं, यातलं काही करू नका. ही त्यांच्यासाठी पवित्र जागा आहे. अप्परचं त्यांच्या भाषेतलं नाव 'त्से बिघानिलिनि'. अर्थ, जिथे पाणी खडकांमधून वाहतं ती जागा. नवाहो नेशनमध्ये दारूलाही बंदी आहे, टूरच्या गाडीत बिअर नेऊ नका.

निळाडोह

जुलै-ऑगस्टमध्ये जाणं कितपत सुरक्षित? पावसाळ्यात तिथे पूर येतो असं वाचलं.

कातळकोर

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर.

तिथला पावसाळा १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, जोर जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी ढग जमतात, एखाद्या पट्ट्यात अर्धा तास धो धो कोसळतं आणि शेजारच्या पट्ट्यात कोरडं ठणठणीत. जमीन म्हणजे उघडा कातळ आणि तापून कडक झालेली माती. पाणी मुरत नाही, सगळं ओढ्यात येतं. अँटेलोपचं पाणलोट क्षेत्र कॅन्यनच्या वर कित्येक मैल पसरलं आहे. तेवढ्या सगळ्या भागातलं पाणी शेवटी खांदाभर रुंदीच्या फटीतून जायला बघतं. रुंद पात्रात घोटाभर असलेलं पाणी तिथे डोक्यावरून जातं, आणि त्यात चिखल, दगड, ओंडके असतात.

१२ ऑगस्ट १९९७ ला लोअरमध्ये असाच लोंढा आला आणि ११ पर्यटक वाहून गेले. कॅन्यनवर त्या वेळी जेमतेम पाऊस होता, वादळ मैलोगणती वर झालं होतं. तेव्हा आत लाकडी शिड्या होत्या, त्याही पाण्याबरोबर गेल्या. आज दिसणारे खडकात बोल्टने बसवलेले लोखंडी जिने, हवामान खात्याचा रेडिओ, धोक्याचे भोंगे, हे सगळं त्यानंतरचं. आत कुणालाही एकटं सोडत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून वर निरभ्र आकाश दिसत असूनही टूर रद्द केली तर हुज्जत घालू नका. त्यांना वरच्या भागातला पाऊस कळलेला असतो. आत असताना गाइड 'चला' म्हणाला तर फोटो अर्धा टाकून चला.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर सकाळचा पहिला-दुसरा स्लॉट घ्या, वादळं बहुतेक दुपारनंतर होतात. शक्य असेल तर पेजला दोन रात्री ठेवा, म्हणजे एक दिवस बुडाला तरी दुसरा हातात राहतो. वेगासहून एका दिवसाची बस टूर घेणाऱ्यांनी बुकिंगच्या अटींतलं एक वाक्य शोधून वाचावं: कॅन्यन बंद झाल्यास काय? स्थानिक टूर रद्द झाली तर सहसा पैसे परत मिळतात. बस टूरमध्ये मात्र बऱ्याचदा 'दुसरं ठिकाण दाखवू' एवढंच लिहिलेलं असतं आणि परत मिळते ती फक्त कॅन्यनच्या तिकिटाची रक्कम.

रानवाट

धन्यवाद, कारण कळलं की नियम पटतो.

घाटमाथा

हॉर्सशू बेंडबद्दल.

पार्किंगपासून कड्यापर्यंत जाऊन-येऊन दीड मैल. वाट आता घट्ट दाबलेल्या खडीची आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल अशा उताराची. जाताना बहुतेक उतार असल्याने कळत नाही, येताना तोच चढ लागतो. वाटेत मोजक्या शेडशिवाय सावली नाही. माणशी किमान १ लिटर पाणी, उन्हाळ्यात दीड. पाणी पार्किंगमधून निघतानाच हातात घ्या. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं आणि पाणी प्यायचं राहून जातं. डोकं दुखायला लागलं की समजा उशीर झालाय. नुसत्या पाण्याबरोबर काहीतरी खारटही खा.

कड्याची समुद्रसपाटीपासून उंची ४,२०० फूट, नदीची ३,२००. म्हणजे पुढ्यात सरळ १,००० फूट खोल. कठडा फक्त मधल्या एका भागाला आहे. दोन्ही बाजूंना मैलभर पसरलेला कडा उघडाच आहे.

धोका कसा होतो ते सांगतो. कड्यावरचा दगड वालुकाश्म आहे. वरून ठणठणीत दिसतो, पण हाताने घासला तर साखरेसारखे कण सुटतात. हेच कण सपाट दगडावर पसरलेले असतात आणि बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. बऱ्याच ठिकाणी कड्याचं ओठ पुढे आलेलं असतं आणि खालून पोकळ असतं. वर उभ्या असलेल्याला ते दिसत नाही, दिसतं ते शेजारच्या कड्यावरून. वाराही अचानक झोत येऊन लागतो. टोकाला जायचंच असेल तर शेवटचे दोन मीटर बसून किंवा पोटावर सरकत जा. कॅमेरा डोळ्याला लावून मागे-पुढे पाऊल टाकायचं नाही. मुलांचा हात सोडायचा नाही, आणि मुलं धावरी असतील तर कठड्याच्या भागातच थांबा. तिथून वळण पूर्ण दिसतं, काहीही हुकत नाही.

फोटोसाठी वळण खूप रुंद आहे. फोनची साधी लेन्स पुरत नाही, ०.५ वाली वापरा. कॅमेऱ्यावर १४-१८ मिमी लागते. ती नसेल तर फोन उभा धरून डावीकडून उजवीकडे पॅनोरमा घ्या.

वेळ: पहाटे नदी सावलीत असते. साडेनऊनंतर ऊन खाली उतरायला लागतं आणि दुपारपर्यंत पाणी पूर्ण उजळतं. संध्याकाळी सूर्य समोर येतो, आभाळ सुंदर पण नदी काळी. दिवसाच्या टूर्स बहुतेक दुपारी पोचतात. सूर्यास्ताच्या फोटोंशी तुलना करून हिरमुसू नका, पाण्याचा हिरवा रंग दुपारीच खरा दिसतो.

सांजसावली

@घाटमाथा, पाणी इतकं हिरवं आणि स्वच्छ का याचं उत्तर ५ मैल वर धरणात आहे. कोलोरॅडो या स्पॅनिश नावाचा अर्थच तांबूस. नदी गाळाने लाल होती म्हणून ते नाव. ग्लेन कॅन्यन धरण १९६३ पासून पाणी अडवू लागलं. गाळ मागे लेक पॉवेलमध्ये, म्हणजे धरणाच्या जलाशयात बसतो आणि खोलातलं गार, नितळ पाणी खाली सोडलं जातं. म्हणून हॉर्सशू बेंडच्या आधी किंवा नंतर धरण बघावं असं मला मनापासून वाटतं. ७१० फूट उंच धरण, आणि शेजारच्या पुलावरून चालत जाता येतं. अर्धा तास पुरतो. बऱ्याच टूर्समध्ये हा थांबा नसतो, पण छोटा गट असेल तर ड्रायव्हरला आधी विचारून ठेवा.

तिठा

स्वतःच्या गाडीने असाल तर दक्षिणेला लीज फेरी (नदीकाठची जागा) आणि नवाहो ब्रिजही जोडता येतात. १९२९ चा जुना पूल आता फक्त पादचाऱ्यांसाठी आहे, खाली ४६७ फुटांवर नदी. तिथे कोंडोर गिधाडं पुलाच्या पोलादी कमानीवर बसलेली दिसतात, पंखांवर क्रमांकाचे बिल्ले असतात. लीज फेरीला माणूस थेट पाण्याला हात लावू शकतो, कड्यांच्या या सगळ्या प्रदेशात अशी जागा दुर्मीळ. ग्रँड कॅन्यनच्या नदीचे मैल तिथूनच मोजतात.

रानवाट

बुकिंग करताना 'अँटेलोप कॅन्यन बोट टूर' आणि 'कयाक टूर' असेही पर्याय दिसतात, स्वस्तही आहेत. तेच आहे का?

वाळवंटवारा

नाही, आणि हे विचारलंत ते बरं झालं. ओढा पुढे जाऊन लेक पॉवेलला मिळतो, त्या पाण्याने भरलेल्या टोकात बोट किंवा कयाक जाते. उंच कडे, शांत पाणी, छान अनुभव. पण फोटोंतली ती नारिंगी, वळणांची घळ तिथे दिसत नाही. तिच्यासाठी तिकिटावर 'अप्पर' किंवा 'लोअर' हा शब्द असायलाच हवा. नुसतं 'अँटेलोप कॅन्यन' लिहिलेल्या बस टूरलाही कोणतं ते लेखी विचारा.

दोन्ही भरले असतील तर कॅन्यन एक्स बघा. त्याच ओढ्याचा वरचा भाग, गर्दी कमी, गाइड तिथेही लागतोच.

निळाडोह

शाकाहारी लोकांनी जेवणाचं काय करावं? आणि लहान मुलं?

कातळकोर

जेवण: बस टूरमध्ये मिळतो तो डबा म्हणजे बहुतेक वेळा टर्की किंवा हॅमचं सँडविच. बुकिंग करतानाच शाकाहारी लिहा आणि दोन दिवस आधी फोन करून पुन्हा सांगा. पहाटे ड्रायव्हरला सांगून उपयोग नाही, डबे भरून झालेले असतात. तरी स्वतःजवळ पोटभरीचं काहीतरी ठेवाच. पेजमध्ये नवाहो टाको मिळतो, म्हणजे तळलेल्या फुगीर ब्रेडवर बीन्स, चीज, भाजी. मांसाशिवाय मागता येतो. ब्रेड चरबीत तळलाय का आणि बीन्समध्ये मांस आहे का, दोन्ही विचारा.

स्वच्छतागृह: कॅन्यनच्या आत नाही. हजेरीच्या जागी आणि हॉर्सशू बेंडच्या पार्किंगमध्ये आहेत. आत जाऊन बाहेर येईपर्यंत तास-सव्वा तास धरा, अप्परला गाडीसकट दीड.

मुलं: बाबागाडी कॅन्यनमध्ये चालत नाही, मूल पाठीवर घ्यायची फ्रेमही नाही. लोअरच्या जिन्यांवर कडेवर मूल घेऊन उतरणं म्हणजे कठड्याला एकच हात उरतो, ते टाळा. ॲरिझोनात ८ वर्षांखालच्या, ४ फूट ९ इंचांहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत योग्य सीट लागते. अप्परची गाडी किंवा टूरची व्हॅन ती देईल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

टीप (बक्षिसी): ड्रायव्हर आणि कॅन्यनमधला गाइड ही दोन वेगळी माणसं असतात, हे विसरून पुष्कळ जण एकालाच देतात. सुटे डॉलर खिशात ठेवा, कारण बॅग बसमध्ये राहिलेली असते. तिकिटात नवाहो परवान्याचं शुल्क धरलंय का तेही आधी पाहा, नाहीतर दारात वेगळे पैसे मागितले की फसवल्यासारखं वाटतं. ते शुल्क सगळ्यांनाच असतं.

घाटमाथा

बुटांचं राहिलं. बंद बूट, पकड असलेला तळवा. सँडलमध्ये अप्परची वाळू भरते आणि दुपारी ती चटके देते. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी चष्मा लावा. वारा असला की वरून वाळूचा शिडकावा होतो, रुमाल नाका-तोंडावर बांधता येईल असा हवा.

रानवाट

शेवटचा प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत जाण्यात अर्थ आहे का?

सांजसावली

आहे. झोत नाहीत, पण गर्दी निम्म्याहून कमी, स्लॉट सहज मिळतो आणि जांभळ्या छटा जास्त दिसतात. पहाटे पारा शून्याखाली असतो आणि घळीत ऊन पोचत नाही, त्यामुळे एकाच जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. कॅन्यनमध्ये जाड कोट भिंतींना घासतोही. हातमोजे हवेत, लोखंडी कठडे बर्फासारखे गार असतात. हॉर्सशू बेंडला बर्फ पडून गेलं असेल तर वाट आधी मोकळी होते, पण कड्याजवळच्या सावलीतल्या दगडावर काचेसारखा पापुद्रा दुपारपर्यंत राहतो. त्या दिवशी कठड्याच्या आतच थांबा. आणि दिवस लहान असतो, पार्किंग सूर्यास्ताला बंद होतं, तेव्हा वेगासहून येणाऱ्यांनी तो गमावलेला १ तास धरूनच स्लॉट घ्यावा.